सुचत नाही, तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला येथे बोलायला उभे केले आहे ते माझे शिक्षण पाहून नव्हे, हे आपण सर्वजणी जाणताच. माझी शाळा सातवीपर्यंत. आमच्या खेड्यात सातवीच्या पुढे वर्ग नव्हता, आणि मुलीने रोज एस.टी.ने मूर्तिजापूरला जावे-यावे हे तेव्हा घरी कोणाला पटले नाही. तेथेच तो विषय संपला. तरी मंडळाच्या हस्तलिखितात मी अधूनमधून काहीबाही लिहीत असते, म्हणून चिटणीसबाईंनी हे भाषण माझ्या गळ्यात घातले. दर वर्षी स्मरणिकेसाठी त्या घरोघर फिरतात, आणि दर वर्षी घरोघरी त्यांना चहा मिळतो व एकच उत्तर मिळते, "लिहायचे तर खूप आहे हो, पण सुचत नाही." त्या मला म्हणाल्या, या 'सुचत नाही'वर तुम्हीच बोला, दोन वर्षे तुम्हीही मला हेच सांगून चहा पाजलात.

गोष्ट खरी आहे. दोन वर्षे माझ्या हातून एक ओळ उतरली नव्हती. त्याचे कारण ऐकाल तर हसाल, पण मला तेव्हा हसू आले नाही.

एका मासिकाने पाककृती मागवल्या होत्या. मासिकाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी आपली पातोडीची रस्साभाजी लिहून पाठवली. जशी करते तशी लिहिली. गंजात तेल तापवावे, मसाला परतावा, आणि उतरवल्यावर वरून सांबार चिरून टाकावा. आता आपल्या वऱ्हाडात सांबार म्हणजे काय हे येथे कोणाला सांगायला नको. भाजीवाल्याकडे तोच शब्द, घरात तोच. छापून आले त्यात गंजाचे पातेले झाले होते, ते एक राहू द्या. पण शेवटची ओळ अशी होती की भाजी उतरवून वरून गरम सांबार ओतावे! मद्रासकडचे सांबार, डाळीचे, ते माझ्या पातोडीवर! आमच्याकडे हे महिनाभर पुरले. जेवायला बसले की म्हणत, "आज वरून काय ओतणार?"

हसण्यावारी गेले, पण मनात एक काटा राहिला. त्यानंतर लिहायला बसले की प्रत्येक शब्दाशी हात अडे. हा शब्द आपला की पुस्तकातला? हा पुण्यामुंबईला कळेल का? 'गंज' लिहू की 'पातेले'? 'येरवा' लिहावे की 'एरवी'? एक शब्द लिहावा, खोडावा, दुसरा लिहावा, तो परका वाटावा. तांदूळ निवडताना प्रत्येक दाणा खडा वाटू लागला तर भात कधी शिजणार? शेवटी वही माळ्यावर गेली.

ती खाली काढावी लागली ती आईमुळे.

माझी आई मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यात भावाकडे असते. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपासून तिला विसर पडू लागला आहे. दुपारी जेवली की नाही हे आठवत नाही. मला कधी माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल, जुने मात्र बराच काळ टिकेल. गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस मी तिच्याजवळ राहिले. माझी मुलगी पुण्याला शिकते. तिने फोनवर सांगितले, "आई, आजीचं सगळं लिहून ठेव ना. मला काहीच माहीत नाही." तेव्हा नव्या कोऱ्या वहीत मी रात्री लिहायला बसले. पहिले वाक्य लिहिले, 'माझी आई म्हणजे त्यागाची आणि वात्सल्याची मूर्ती आहे.' येथून पुढे हात चालेना. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्या रात्री नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "काय लिवून राह्यली वं?" मी ते वाक्य वाचून दाखवले. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे त कोनाच्याई मायचं हाय."

मी वही मिटली. खरेच होते ते. सातवीच्या निबंधाच्या वहीत हेच वाक्य होते, आणि वर्गातल्या चाळीसही मुलींच्या वहीत होते.

मग मी तिला साधे विचारले. "आई, लग्न होऊन तू इकडे आलीस, ती कशात बसून?"

बस्स, एवढेच विचारले. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

माझ्या आईचे माहेर अंजनगाव सुर्जीचे, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. सासर अकोला जिल्ह्यात. दोहोंच्या मध्ये होती आपली शकुंतला. तरुण मुलींपैकी पुष्कळजणींनी ती पाहिलीसुद्धा नसेल, म्हणून सांगते. अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूर करत मूर्तिजापूरला येणारी लहान रुळांची गाडी. साहेबांच्या कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी ती घातली. मूर्तिजापूरला मोठी लाइन लागते. १९९४ सालापर्यंत तिला कोळशाचे इंजिन होते, मागून डिझेलचे आले. आता ती गाडी धावत नाही. कापूस मँचेस्टरला गेला याचे पुस्तकांत लिहिलेले आहे, आणि त्याच डब्यांतून मुली सासरी गेल्या, याचे कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

आईचे लग्न १९६६ च्या उन्हाळ्यातले. तिने सांगितले, गाडी इतकी हळू की धाकटा भाऊ स्टेशनाबाहेर बराच लांबपर्यंत डब्याबरोबर पळत आला आणि खिडकीतून त्याने चिंचांची पुडी दिली. ती पुडी तिने सासू पाहील म्हणून कमरेशी खोवली. इंजिनातून कोळशाचे कण उडत. "कोयसा डोयात गेला म्हून रडतो, असं मी समद्यायले सांगलं," ती म्हणाली आणि हसली. दर्यापूरला गाडी बराच वेळ उभी राहिली. वऱ्हाडी मंडळी पाणी प्यायला उतरली. डब्यात ती आणि एक झोपलेली म्हातारी. आई म्हणाली, "तवा वाटलं, उतरून जावं काय वापस? रूळ त सरकेच होते. रुयारुयानं गेली असती त दिवस बुडाच्या आत घरी."

भगिनींनो, पंचेचाळीस वर्षांची मी, चाळीस वर्षे आई-आई करते, आणि मला हे ठाऊक नव्हते. माझी आई एकदा दर्यापूरच्या स्टेशनात परत जायच्या विचारात बसली होती. मी विचारले, "मग गेली का नाहीस?" तर म्हणाली, "चप्पल नोती वं. नवी होती, लागे, म्हून काढून पेटीत ठेवली होती. अन् पेटी सासऱ्याच्या पायाखाली."

त्या रात्री मी पाच पाने लिहिली. एक शब्द खोडला नाही. 'रुयारुयानं' तसेच लिहिले, 'वापस' तसेच लिहिले. सुचण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मी लेख लिहीत नव्हते. पुण्याच्या मुलीला सांगत होते. तिने ती गाडी पाहिली नाही म्हणून गाडी कशी ते सांगावे लागले. तिला पेटी म्हणजे काय ते कळावे म्हणून पेटी सांगावी लागली. एकीतून दुसरी गोष्ट आपोआप निघाली, जसे कापसाच्या पेळूतून सूत निघते.

तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की आपण 'सुचत नाही' म्हणतो तेव्हा पुष्कळ वेळा खरी अडचण निराळीच असते. कोणाला सांगायचे ते ठरलेले नसते, आणि कोणी विचारलेले नसते. समोर तोंड नाही, मग बोलणार कोणाशी? विहिरीवर, गच्चीवर कुरडया घालताना, दवाखान्याच्या बाकावर आपल्यापैकी कोणाचे बोलणे कधी अडले आहे का?

हे मी एकटीच्या अनुभवावर बोलत नाही. वाचनालयातून आणून जे थोडेफार वाचले त्यातही मला हेच दिसले. आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात ती महदाइसा, महदंबाही म्हणतात, ती तेथलीच मानावी. तेराव्या शतकातली बालविधवा बाई. तिने आपण होऊन 'आता काव्य करते' म्हणून बैठक मारली नव्हती. गोविंदप्रभूंच्या मनात आले की आपले लग्न व्हावे. भक्तमंडळींनी हौसेने मांडव घातला, आणि लग्न म्हटले की गाणी हवीत, म्हणून तिला म्हणायला सांगितले. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे तेथल्या तेथे रचून म्हटले. तो पूर्वार्ध. उत्तरार्ध मागाहून झाला. आपण मांडवात उखाणा घेतो, मंगळागौरीला गाणे जोडतो, त्याच जातीची ही गोष्ट. मांडवाने मागितले, तिने दिले.

त्याच रिद्धपुरी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींचे लीळाचरित्र सिद्ध केले. तेही कसे, तर ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे स्वतः जाऊन विचारून. पंडित मनुष्य, पण दारोदार विचारत हिंडला. त्या सांगणाऱ्यांत बायाही होत्या. आणि याच पंथातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. नागदेवाचार्यांचे एक शिष्य संस्कृतात लिहू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवले. अशाने आपल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या 'सांबारा'ची ज्याने दुरुस्ती केली त्याला हे कोणीतरी सांगायला हवे. सातशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांसाठी भाषा राखली, आणि आज आपण म्हाताऱ्यांचे शब्द लिहायला लाजतो!

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. त्यांचे लिहिणेवाचणे लग्नानंतरचे, घरीच शिकलेल्या. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्याने आठवणी मागितल्या, त्या त्यांनी लिहून दिल्या, आणि ते लिहिणे वाढत गेले. १९३४ साली पहिला भाग निघाला तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. म्हणजे आपल्यापैकी कोणाचीच वेळ गेलेली नाही. बहिणाबाई चौधरी आपल्या शेजारच्या खानदेशातल्या; त्यांना अक्षर येत नव्हते. त्या म्हणत, घरचे टिपून ठेवत, आणि पुस्तक झाले ते त्यांच्या मागे, १९५२ साली. टिपणारे नसते तर? जात्यावरच्या किती ओव्या पिठाबरोबर गेल्या याचा हिशेब कोण देणार?

आता एक उलटी गोष्ट. बुलढाणा आपल्याच वऱ्हाडाचा. तेथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' नावाचे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा ठरली, पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या जातीवरच चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंना संताप आला, आणि त्या संतापात त्यांनी पुस्तक लिहिले. कोणी विचारले नव्हते त्यांना. पण समोर तोंड होते, भांडायला का होईना. त्यांची भाषा वाचावी! घरातली, चुलीजवळची, तोंडावर सुनावणारी. शुद्ध-अशुद्धाची पर्वा नाही. पण पुस्तकावर टीका आणि टवाळी झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेवढेच. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक कोणाला ठाऊक नाही. पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा लोकांना कळले.

हे वाचले त्या दिवशी माझे मन लागले नाही. एवढी लेखणी, आणि पुढे गप्प. मला आपले वाटते, 'ताराबाई, पुढे काय?' असे विचारत त्यांच्या दारी कोणी गेले असते तर निराळे झाले असते. म्हणून चिटणीसबाई दर वर्षी दारी येतात त्याला मी त्रास म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, ही मोठी माणसे, आम्हाला दळण, स्वयंपाक, मुलांचे डबे, सासूचे औषधपाणी, वेळ कोठला? वेळेचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. मी दुपारी दोन ते अडीच लिहिते, आणि तेही कोणी बेल वाजवली नाही तर. पण एक पाहिले आहे. सकाळी भाजी चिरताना मनात प्रश्न ठरवून ठेवला की दुपारी वही उघडल्यावर शोधाशोध करावी लागत नाही. प्रश्न मात्र लहान हवा. 'तुमचे जीवन कसे गेले' असे आईला विचारले तर ती म्हणेल, "गेलं बाप्पा कसंतरी." पण 'तुमच्या लग्नात पंगतीला काय होते', 'पहिले लुगडे कोणत्या रंगाचे', '७२ च्या दुष्काळात घरी काय शिजे' असे विचारा. दुष्काळाचे मी विचारले तर तिने मला लाल मिलोची भाकरी कशी फुटे आणि ती कशी थापावी लागे, हे हात हलवून दाखवले. तो हात लिहिता येत नाही, तरी मी प्रयत्न केला.

दुसरे असे की मी आईचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवते. पण केवळ भरून ठेवला म्हणजे काम झाले असे नाही. माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये हजार फोटो आहेत, ते कोण पाहतो? ऐकून लिहिताना मधेच कळते की अमुक विचारायचे राहिले, मग पुन्हा फोन लावता येतो. आणि हा फोन लावण्याची मुदत आहे, भगिनींनो. गेल्या महिन्यात मी तिला त्या चिंचांच्या पुडीचे पुढे काय झाले ते विचारले. ती म्हणाली, "कोन्त्या चिंचा?" थोडा वेळ मला बोलता आले नाही. मग मी वहीतले माझे पान तिला फोनवर वाचून दाखवले. धाकटा भाऊ कसा पळत आला, पुडी कशी कमरेशी खोवली. ती ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "मंग मोरीत बसून खाल्ल्या. कोनाले नाई देल्या." तेही मी लिहून घेतले.

आता मंडळाच्या कामाचे बोलते. या वर्षीपासून दर गुरुवारी भजन झाल्यावर अर्धा तास आपण वही घेऊन बसणार आहोत. लेख लिहायचा नाही. शेजारी बसलेल्या बाईने एक प्रश्न विचारायचा आणि आपण तिला उत्तर लिहून द्यायचे, जे शब्द तोंडी येतील त्यांत. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून पाहू. आपल्यातल्या शिक्षिका ताईंनी ते काम घेतले आहे. मात्र त्यांना एकच अट घातली आहे, वेलांटी बदलावी, शब्द बदलू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्या दोघी-तिघी आजीबाईंनी नुसते बोलावे, आम्ही टिपू. मागच्या गुरुवारी सहज सुरुवात करून पाहिली. माझ्या डावीकडच्या काकूंनी मला विचारले, "तुझ्या सातवीच्या शेवटच्या दिवशी घरी परत येताना तू काय केलंस?" मी लिहू लागले आणि अर्धा तास संपला तरी अजून शाळेच्या फाटकातच होते. बाकीचे येत्या गुरुवारी. वह्या मंडळ देईल, पेन ज्याचे त्याने आणावे, आणि चष्मा विसरू नये.